समकालीन कादंबरी आणि वाचकमंडळ : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात ग्रंथनिवडीचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

वाङ्मयविचारात लेखक आणि कलाकृती यांची चर्चा जितक्या विस्ताराने झाली आहे, तितकी वाचकाची झालेली नाही; आणि जी झाली आहे तीही बहुतांशी एकट्या वाचकाची. संस्कृत साहित्यशास्त्राने ‘सहृदय’ ही संकल्पना दिली, भट्टनायकाने साधारणीकरणाच्या द्वारा रसिकाच्या अनुभवाचे स्वरूप विशद केले. अभिनवगुप्ताने तर नाट्यगृहातील सर्व सामाजिकांच्या एकतानतेमुळे रसास्वाद पुष्ट होतो, असेही नोंदविले आहे. परंतु हा सारा विचार नाट्याला अनुलक्षून आहे. कादंबरी हा मुद्रणयुगातील वाङ्मयप्रकार असून ती एकांतात वाचली जाते. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’पासून, म्हणजे १८५७ पासून, मराठी वाचक कादंबरी वाचीत आला आहे तो मुख्यतः एकटाच.

एक पुस्तक आधी ठरवावयाचे, ते प्रत्येकाने आपापल्या घरी वाचावयाचे आणि महिन्यातून एखाद्या दिवशी एकत्र जमून त्यावर बोलावयाचे, हा वाचकमंडळाचा किंवा ‘बुक क्लब’चा प्रघात म्हणूनच विशेष विचार करण्याजोगा आहे. येथे एकांतातील आस्वाद समूहापुढे मांडला जातो. आणि अभिनवगुप्तास अभिप्रेत असलेल्या एकतानतेच्या जागी मतभेद हा त्या मेळाव्याचा प्राण ठरतो. सर्वांचे एकमत झाले, तर बैठक अर्ध्या घटकेत संपते.

अशा मंडळासाठी पुस्तक कोणते निवडावे, हा प्रश्न वरकरणी व्यावहारिक वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी अभिरुची, अनुभव आणि कलाकृतीचे स्वरूप यांच्या परस्परसंबंधांविषयीची भूमिका असते. ग्रंथपाल, महाविद्यालयीन अध्यापक आणि मराठीचे पदव्युत्तर विद्यार्थी यांच्याकडे ही निवड वारंवार सोपविली जाते. त्यामुळे तिचे निकष तपासणे हे विद्यापीठीय अभ्यासाच्या कक्षेत येते. प्रस्तुत विवेचनासाठी पिंपरी-चिंचवड व चाकण हा औद्योगिक पट्टा घेतला आहे. निवडीच्या प्रचलित निकषांची कसोटी जेथे लागावी, असा हा प्रदेश आहे.

२. पट्ट्याची घडण

पिंपरी-चिंचवड हे नगर एका पिढीत उभे राहिलेले आहे. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर भोसरी, पिंपरी, चिंचवड व आकुर्डी या गावांच्या शिवारात कारखान्यांची वसाहत वेगाने वाढली. टाटा व बजाज यांच्या वाहन-कारखान्यांनी आणि त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लहान-मोठ्या उद्योगांनी या वसाहतीस तिचे आजचे स्वरूप दिले. १९७० मध्ये येथे नगरपालिका आली, १९८२ मध्ये महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे १० लाख होती. २०११ मध्ये ती १७ लाखांवर गेली. उत्तरेकडील चाकण हे १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्तेखानाविरुद्ध सुमारे दोन महिने लढविलेल्या संग्रामदुर्गामुळे इतिहासास ज्ञात. पुढे कांदा-बटाट्याच्या बाजारपेठेमुळे शेतकऱ्यांच्या परिचयाचे. आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून मोटारींच्या कारखान्यांचे गाव.

या वाढीचा वाङ्मयीन दृष्टीने महत्त्वाचा परिणाम असा, की येथील वाचकवर्ग एकजिनसी नाही. ज्यांच्या जमिनी औद्योगिक वसाहतीसाठी संपादित झाल्या ती मूळची शेतकरी कुटुंबे येथे आहेत. मराठवाडा, विदर्भ, खानदेश व पश्चिम महाराष्ट्र येथून नोकरीसाठी आलेली कुटुंबे आहेत. फाळणीनंतर पिंपरीत वसलेला सिंधी समाज आहे. हिंदी भाषक प्रदेशांतून आलेले कामगार आहेत, आणि अलीकडच्या काळात हिंजवडीच्या संगणक-उद्योगात काम करणारा तरुण वर्गही आहे. त्यांत पुन्हा कायम कामगार व कंत्राटी कामगार हा भेद. पहिली, दुसरी व तिसरी पाळी हा भेद. कित्येक ठिकाणी मूळच्या शेतकऱ्याने उरलेल्या जागेवर खोल्या बांधल्या आणि त्यांत बाहेरून आलेला कामगार भाड्याने राहिला. ज्याची जमीन गेली तो घरमालक, आणि ज्याने गावी जमीन सोडली तो भाडेकरू, असा हा संबंध आहे. एका वाचकमंडळात हे दोघे शेजारी शेजारी बसलेले असणे सहज शक्य आहे. ग्रंथनिवडीचा प्रश्न येथे केवळ अभिरुचीचा राहत नाही, तो यामुळेच.

३. समूहवाचनाची पूर्वपीठिका

या भूमीस समूहवाचन नवे नाही. शहराच्या एका अंगास देहू आहे, दुसऱ्या अंगास आळंदी. आणि इंद्रायणीच्या काठावरील गावांतून ज्ञानेश्वरी व तुकारामांची गाथा यांची पारायणे आजही होतात. पारायणात वाचन एकत्र होते, आवाज लावून होते, आणि ज्याला अक्षरओळख नाही तोही श्रवणाने त्यात सहभागी होतो. परंतु पारायण व वाचकमंडळ यांत एक मूलभूत भेद आहे. पारायणात ग्रंथाचे श्रेष्ठत्व आधीच मान्य असते. प्रश्न असलाच तर तो आपल्या आकलनाचा. समकालीन कादंबरीच्या बाबतीत ग्रंथाचे मोल हाच प्रश्न असतो. जे वाचक पारायणाच्या संस्कारातून मंडळात येतात, त्यांना पुस्तकावर दोष ठेवणे प्रारंभी अवघड जाते. वाचून संपविले परंतु आवडले नाही, हे सांगण्यातही संकोच वाटतो. शिफारस करणाऱ्याने हा संकोच अज्ञान समजू नये. ती एका भिन्न वाचनपरंपरेची शिस्त आहे.

दुसरी परंपरा वाचनालयांची. पुण्यात १८४८ मध्ये लोकहितवादींच्या पुढाकाराने सार्वजनिक ग्रंथालय सुरू झाले. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने राज्यातील ग्रंथालयांना वर्गवारीनुसार अनुदान मिळू लागले. कामगारांच्या बाबतीत १९५३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळाची केंद्रे व त्यांतील वाचनालये यांचा स्वतंत्र निर्देश करावयास हवा. परंतु वाचनालय पुस्तक देते आणि परत घेते; वाचनानंतर काय घडले, याची नोंद ठेवण्याची योजना त्याच्या कार्यात नसते. कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या वतीने नाशिकहून २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांपर्यंत पोहोचविल्या, ही मोठीच गोष्ट होय. तथापि पेटीत अनेक पुस्तकांची एकेक प्रत असते, तर वाचकमंडळास एकाच पुस्तकाच्या अनेक प्रती लागतात. पहिल्या योजनेत वाचकाचे स्वातंत्र्य अधिक. दुसरीत चर्चेची शक्यता अधिक.

कारखाना आणि वाचन यांच्या संबंधाचे एक उदाहरण दूरच्या क्युबा देशातील आहे. हवानातील चिरूट-कारखान्यांत १८६५ पासून वाचक नेमण्याची प्रथा सुरू झाली. कामगार विड्या वळीत असता हा वाचक उंच आसनावर बसून वृत्तपत्रे व कादंबऱ्या मोठ्याने वाची. त्याचे वेतन कामगार स्वतःच्या मजुरीतून देत, आणि काय वाचावयाचे याचा निर्णयही पुष्कळदा तेच करीत. कामगारास काय झेपेल, हे तेथे कोणी बाहेरून ठरवीत नव्हते. आजच्या वाहन-कारखान्यात यंत्रांच्या आवाजामुळे असे वाचन अशक्य आहे. परंतु निवडीचा अधिकार कोणाचा, हा त्या प्रथेने पुढे आणलेला प्रश्न अद्याप शिळा झालेला नाही.

४. प्रचलित निकष व त्यांच्या मर्यादा

मंडळासाठी कादंबरी सुचविताना बहुधा तीन निकष वापरले जातात : पुरस्कार, लोकप्रियता आणि अनुभवसादृश्य.

पुरस्कार हा सर्वांत सोयीचा निकष. साहित्य अकादमीच्या मराठी पुरस्कारांकडे पाहिले, तर सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (२००४), जयंत पवार यांचा ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ हा कथासंग्रह (२०१२), नंदा खरे यांची ‘उद्या’ (२०२०), किरण गुरव यांचा ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ हा कथासंग्रह (२०२१) आणि कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ (२०२३) अशी एक ठळक मालिका दिसते. खरे यांनी पुरस्कार स्वीकारला नाही, ही गोष्टही मंडळात चर्चेस यावी अशीच आहे. या यादीचे वाङ्मयीन मोल कोणी नाकारणार नाही. परंतु पुरस्कार देणारी समिती एका वर्षाच्या कालखंडात उत्तम कृती कोणती, असे विचारते. मंडळास मात्र कोणत्या कृतीवर या पंधरा जणांना एकमेकांशी बोलता येईल, असे विचारावयाचे असते. हे दोन प्रश्न भिन्न आहेत, आणि पहिल्याचे उत्तर दुसऱ्यास आपोआप लागू पडत नाही.

अमेरिकेतील ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ या १९२६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचा अभ्यास जॅनिस रॅडवे यांनी १९९७ च्या ग्रंथात केला आहे. विद्यापीठीय समीक्षक ज्या गुणांस प्राधान्य देतो ते, आणि त्या संस्थेचे परीक्षक सर्वसामान्य वाचकाच्या वतीने ज्या गुणांचा शोध घेत ते, यांत किती अंतर होते हे त्यांनी दाखविले. विशेष हे, की त्यांनी विद्यापीठीय निकषास अंतिम न मानता त्यालाही अनेक अभिरुचींपैकी एक म्हणून पाहिले. शिफारस करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने ही दृष्टी अंगी बाणविणे इष्ट आहे.

लोकप्रियतेच्या निकषाची मर्यादा उघड आहे : जे सर्वांनी वाचले आहे त्यावर नव्याने बोलण्यासारखे थोडे उरते. परंतु या निकषास सरसकट तुच्छ मानणेही योग्य नव्हे. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) अत्यंत लोकप्रिय झाली, आणि तरीही तिच्यातील किशोरवयीन निवेदकाला जे दिसते व जे दिसत नाही, त्यावर विचारपूर्वक चर्चा होऊ शकते. अनेक वर्षे ज्याच्या हातून पुस्तक वाचून झालेले नाही, अशा सभासदासाठी ती उत्तम प्रवेशद्वार ठरते.

तिसरा निकष अनुभवसादृश्याचा. आणि सर्वांत फसवा हाच आहे. कामगारांच्या वस्तीत कामगारांची कादंबरी, शेतकऱ्यांत शेतकऱ्यांची, स्त्रियांत स्त्रियांची, असा हा हिशेब असतो. मराठीत गिरणी-कामगाराच्या जीवनास वाङ्मयात स्थान मिळाले ते मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’पासून, पुढे अण्णा भाऊ साठे, नारायण सुर्वे यांपासून जयंत पवारांपर्यंत मुंबईच्या गिरणगावास समर्थ लेखक लाभले. पिंपरी-चिंचवडच्या वाट्यास तशी प्रस्थापित परंपरा आलेली नाही. त्यामुळे सादृश्य शोधणारा बहुधा गिरणगावाकडे वळतो. परंतु गिरणगावात चाळ, गिरणी व युनियन एकमेकांना लागून होती. १९८२ च्या संपानंतर कोसळले ते हे सबंध विश्व. चाकणचा कंत्राटी कामगार दहा-पंधरा किलोमीटरांवरून कंपनीच्या बसने येतो आणि त्याचा शेजारी भलत्याच कारखान्यात, भलत्याच पाळीत असतो. दोन्हींत घामाचे साम्य आहे, जीवनरचनेचे नाही. म्हणून पवारांच्या कथा येथे वाचावयाच्या त्या ‘आपल्या’ म्हणून नव्हे, तर आपल्याहून वेगळ्या म्हणून. मग चर्चेत पहिला प्रश्न येतो तो असा, की त्यांच्यापाशी जे होते ते येथे का निर्माण झाले नाही?

सादृश्यावर भर दिल्याने आणखी एक अनर्थ ओढवतो. चर्चा कादंबरीवरून सुटून स्वतःच्या गाऱ्हाण्यावर जाते आणि पुस्तक निमित्तमात्र उरते. एलिझाबेथ लाँग यांनी अमेरिकेतील ह्यूस्टन शहरातील स्त्रियांच्या वाचकमंडळांचा जो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात पुस्तक आणि जीवन यांच्यातील ही ये-जा वाचकमंडळाचे बळ म्हणून वर्णिली आहे. तिच्यात ‘ये’ही आहे, हे मात्र विसरता कामा नये. जीवनाकडे गेलेले बोलणे पुन्हा पुस्तकाकडे परत आले पाहिजे; आणि ते परत आणण्याइतकी ओढ त्या कृतीच्या घडणीत असली पाहिजे.

५. चर्चाक्षमतेच्या कसोट्या

वरील निकषांऐवजी, किंवा त्यांच्या जोडीस, ‘चर्चाक्षमता’ हा गुण विचारात घ्यावा. त्याच्या तीन कसोट्या सांगता येतील.

पहिली कसोटी मतभेदाची. ज्या कृतीत न्याय-अन्यायाची बाजू प्रारंभीच स्पष्ट असते, तिच्यावर वाचकांचे लवकर एकमत होते. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) ही धरणग्रस्तांच्या विस्थापनावरील कादंबरी तपशिलाने अत्यंत समृद्ध आहे. साहित्य अकादमीचा १९९२ चा पुरस्कारही तिला मिळाला. ज्यांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली त्यांना ती तत्काळ भिडेल. परंतु अन्याय झाला, यावर सर्वांचे एकमत झाले की पुढे बोलणे कठीण होते. आणि ज्याला त्याच संपादित जमिनीवरील कारखान्याने नोकरी दिली, तो श्रोता मूक राहतो. ‘रिंगाण’ हीदेखील विस्थापनाची कादंबरी. परंतु तिचा आवाका एका माणसापुरता आणि मागे राहिलेल्या त्याच्या जनावरापुरता आवळलेला आहे. माणसे उठून गेलेल्या गावाकडे तो परत जातो. जे सोडले त्यावर आपला हक्क उरतो काय, आणि ज्याला आपण सोडले त्याने आपल्याला ओळखावे ही अपेक्षा रास्त आहे काय, असे प्रश्न येथे उपस्थित होतात. हे प्रश्न जमीन गमावलेल्या घरमालकाचे आहेत, तसेच गाव सोडून आलेल्या भाडेकरूचेही. वरवर पाहता अधिक व्यापक असलेल्या कृतीपेक्षा ही आवळलेली कृती या पट्ट्यात दोघांनाही बोलते करण्याचा संभव अधिक आहे.

दुसरी कसोटी भाषेची. ‘बारोमास’मधील वऱ्हाडी वळणाची बोली प्रमाण मराठीत शिकलेल्या वाचकास प्रारंभी अडवते, आणि म्हणूनच कित्येक शिफारसकर्ते तिला ‘कठीण’ ठरवून बाजूस ठेवतात. परंतु कठीण कोणाला, असे विचारले पाहिजे. बुलढाणा किंवा अकोल्याकडून आलेल्या सभासदास तीच भाषा घरची आहे. त्याने दोन पाने मोठ्याने वाचून दाखविली, की मंडळातील ज्ञानाची उतरंड काही काळ उलटी होते. पदवीधर सभासद अर्थ विचारतो आणि यंत्रावर काम करणारा तो सांगतो. बोलीतील कादंबरी या पट्ट्यात अडथळा नसून साधन आहे. अट एवढीच, की त्या बोलीचा जाणकार मंडळात असावा. तो नसेल तर ‘कठीण’ हा शेरा यथार्थ ठरेल. शिफारस मंडळ पाहून करावयाची, ती या अर्थाने.

तिसरी कसोटी अंतराची. कृती वाचकाच्या अनुभवाशी पूर्णतः जुळणारी नसावी आणि पूर्णतः परकीही नसावी. ‘बारोमास’चा शिकलेला नायक गावातच अडकून पडतो, भोसरीतील तिचा वाचक गाव सोडून आलेला असतो. गाव तेच, परिस्थिती तीच, निर्णय मात्र उलटा. हे अंतर फार थोडे असल्यामुळे ते वाचकास अस्वस्थ करते. ‘उद्या’ (२०१४) मध्ये बाजारपेठ व तंत्रज्ञान यांची माणसाच्या खासगी जीवनावर पडणारी पकड नजीकच्या भविष्यकाळात कल्पिली आहे. हजेरीसाठी बोटाचा ठसा देणाऱ्या आणि कॅमेऱ्याखाली काम करणाऱ्या वाचकास ते भविष्य कितपत दूर वाटते, हे त्याच्याकडूनच ऐकण्यासारखे आहे. देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’ या कादंबरीस २०२४ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. तयार कपड्यांच्या बाजारापुढे हतबल झालेल्या शिंप्याची ही कथा. कारखानदारीने कोणाचा धंदा बुडविला, हे कारखान्यात काम करणाऱ्याने दुसऱ्या बाजूने पाहण्याची संधी येथे मिळते. कविता महाजन यांची ‘ब्र’ (२००५) आदिवासी भागातील ग्रामपंचायतींत निवडून आलेल्या स्त्रियांच्या स्थितीचा वेध घेते. शहरातील स्त्री-सभासदांना ते जग परके. परंतु सभेत बोलण्याची चोरी हा अनुभव परका नाही.

या तिन्ही कसोट्या कृतीच्या श्रेष्ठत्वाच्या नाहीत, हे पुन्हा सांगितले पाहिजे. भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू’ (२०१०) किंवा रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) या पाचशेहून अधिक पृष्ठांच्या कादंबऱ्या मासिक बैठकीच्या चौकटीत बसत नाहीत. त्यावरून त्यांचे मोल उणे होत नाही. त्यांच्यासाठी सहा महिन्यांचा स्वतंत्र क्रम आखावा लागेल, एवढेच.

६. शिफारशीचे स्वरूप व बैठकीची रीत

शिफारस म्हणजे कथासार नव्हे, आणि स्तुतीही नव्हे. मंडळासाठी लिहिलेल्या एका पानाच्या टिपणात पुढील गोष्टी असाव्यात : पुस्तकाची पृष्ठसंख्या व वाचनास लागणारा अंदाजे काळ, पुस्तक कोठे जड जाते आणि कितव्या पानानंतर वाट सापडते, बोली कोणती व तिचा जाणकार मंडळात आहे काय, कोणत्या प्रश्नावर मतभेद संभवतो, आणि शेवटी, पुस्तकातील कोणता भाग एखाद्या सभासदाच्या जखमेवर बोट ठेवील.

शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व विशेष आहे. शेतीच्या अरिष्टावरील कादंबरी मराठवाडा-विदर्भातून आलेल्या माणसांत वाचताना, ज्याच्या घरात त्या अरिष्टाने मृत्यू घडविला आहे असा कोणी समोर बसलेला असू शकतो. त्याला आधी कल्पना न देता त्या विषयावर मत विचारणे हे वाङ्मयप्रेम नसून निष्ठुरता होय. त्याच वेळी, कोणाला दुखवू नये म्हणून निरुपद्रवी पुस्तकेच सुचवीत राहणे हाही त्याचा अवमानच. कारण त्याचे दुःख वाङ्मयाच्या कक्षेबाहेरचे आहे, असा त्याचा अर्थ होतो. मार्ग मधला आहे : आधी सांगावे, निर्णय त्याच्यावर सोपवावा, आणि तो गप्प राहिला तर त्याच्या मौनाचा अर्थ लावू नये.

वेळेचा प्रश्नही निवडीशी निगडित आहे. पाळी बदलत जाणाऱ्या कामगारास रोज वीस पानांहून अधिक वाचन साधणे कठीण. त्या हिशेबाने तीनशे पानांची कादंबरी पंधरा दिवसांत होते, परंतु रात्रपाळीचा आठवडा वजा केल्यास तीन आठवडे लागतात. येथील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारची बैठक सोयीची म्हणून ठरली, तर तिला शिक्षक व कचेरीतील नोकरदार येतात आणि कारखान्यातला माणूस आपोआप गळतो. मग कामगार वाचीत नाहीत, असा निष्कर्ष निघतो. वस्तुतः तो निष्कर्ष दिनदर्शिकेचा आहे. एकाच पुस्तकावर एक बैठक गुरुवारी व एक रविवारी घ्यावी आणि पहिलीतील मुद्दे दुसरीत वाचून दाखवावेत, हा त्यावरील साधा उपाय होय.

बैठकीच्या प्रारंभी पुस्तकातील चार-पाच पाने मोठ्याने वाचावीत. ज्याचे वाचन अपुरे राहिले त्याला त्यामुळे बोलण्यास आधार मिळतो आणि पारायणाच्या परंपरेतून आलेल्यास परिचयाची भूमी मिळते. शिवाय चर्चेस एक निश्चित मजकूर सर्वांसमोर राहतो. त्यानंतर पहिला प्रश्न ‘आवडली काय?’ असा नसावा. तो ‘हे कोण सांगत आहे, आणि त्याला काय माहीत नाही?’ असा असावा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात संपते. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी पुस्तक पुन्हा उघडावे लागते.

प्रतींची अडचण खरी आहे. मराठी ललित कादंबरीची आवृत्ती साधारणतः हजार-पाचशे प्रतींची निघते आणि जुनी पुस्तके सहज मिळत नाहीत. म्हणून शिफारस करण्यापूर्वी प्रती उपलब्ध आहेत काय, हे पाहणे हा निवडीचाच भाग समजावा. दोन-तीन सभासदांनी मिळून एक प्रत घेतली, तर वाचनाचा काळ त्या प्रमाणात वाढवावा लागतो.

७. समारोप

जानेवारी २०१६ मध्ये ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन श्रीपाल सबनीस यांच्या अध्यक्षतेखाली पिंपरी येथे भरले, तेव्हा या औद्योगिक नगरीत वाङ्मयाविषयी आस्था आहे, हे सर्वांच्या प्रत्ययास आले. संमेलनाचे कार्य वाचकास लेखकाजवळ नेण्याचे. वाचकास वाचकाजवळ नेण्याचे कार्य त्याहून लहान प्रमाणावर, परंतु दरमहा व्हावयास हवे. वर केलेल्या विवेचनावरून असे म्हणता येईल, की त्या कार्यात ग्रंथनिवड ही केंद्रस्थानी आहे. ती पुरस्कारांच्या यादीवरून किंवा वाचकाच्या व्यवसायावरून करणे अपुरे आहे. आणि कृतीची मतभेदक्षमता, तिची भाषा व वाचकाच्या अनुभवापासूनचे तिचे अंतर या तीन कसोट्या प्रत्येक मंडळापुरत्या स्वतंत्रपणे लावल्या पाहिजेत.

या क्षेत्रात विद्यापीठीय अभ्यासकास करण्यासारखे काम पुष्कळ आहे. मराठी कादंबरीवरील प्रबंध विपुल आहेत. परंतु एखादी कादंबरी विशिष्ट वाचकांनी प्रत्यक्ष कशी वाचली, याच्या नोंदी विरळ. कोणते पुस्तक किती सभासदांनी पूर्ण केले, अपुरे राहिले ते कोणत्या पानापाशी, कोणत्या प्रसंगावर दोन तट पडले, कोणता सभासद त्या दिवशी प्रथमच बोलला, एवढ्या चार गोष्टींची नोंद प्रत्येक बैठकीनंतर, नावे न देता, एका वहीत ठेवली, तर दोन-तीन वर्षांत समकालीन मराठी कादंबरीच्या वाचनाविषयी अनुमानाऐवजी पुराव्याने बोलता येईल. ही वही ठेवण्यास मोठे साहाय्य किंवा संस्था लागत नाही. बैठक संपल्यावर अर्धा तास थांबणारा एक अभ्यासक पुरेसा आहे.